आधी धुळाक्षरे, मग मुळाक्षरे

परवा दिवेलागणीच्या सुमारास शेजारची मनू आईचं बोट धरून आमच्याकडे आली. वय साडेतीन. तिच्या एका हातात पेन्सिल, आणि आईच्या हातात तिची वही. "काकू, तुम्ही एवढी वर्षं पहिलीचा वर्ग घेतलात. हिचा हात जरा वळवून द्या ना," आई म्हणाली.

वही उघडली. पानभर ठिपक्यांचे 'अ'. एका ओळीत चार, अशा पाच ओळी. पहिल्या ओळीतले चार कसेबसे ठिपक्यांवरून गेलेले, तिसऱ्या ओळीपासून पेन्सिल वाट फुटेल तिकडे, आणि शेवटच्या ओळीत तर कागदालाच भोक. खाली लाल शाईत शेरा : 'अक्षर सुधारणे आवश्यक. घरी सराव घ्यावा.'

साडेतीन वर्षांच्या मुलीचं अक्षर!

मी मनूला मांडीवर घेतलं आणि वहीतल्या 'अ'वर बोट ठेवून विचारलं, "हे काय गं?"

"अननस," ती म्हणाली.

"बरं. आणि 'आई' म्हणताना पहिला आवाज कसला येतो?"

तिनं क्षणभर आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओरडायचा."

आई ओशाळली, मी हसले. पण त्या रात्री काही केल्या झोप येईना. मनू मला काहीतरी अगदी बरोबर सांगून गेली होती. तिच्या लेखी 'अ' हे एक चित्र होतं, त्याचं नाव अननस होतं, आणि ते चित्र वीस वेळा काढायची शिक्षा तिला मिळाली होती. तोंडातून निघणाऱ्या आवाजाशी त्या चित्राचा काही संबंध असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्या बोटांनी ते काढायचं, ती बोटं अजून तयार झाली नव्हती.

मंडळी, माझं म्हणणं थोडक्यात सांगते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ जायला नको. आपण लहान मुलांना स्वर शिकवतो ते उलट्या टोकानं. आवाजाच्या आधी अक्षर आणि बोटांच्या आधी पेन्सिल. ठिपक्यांची वही हात आणि भाषा दोन्ही शिकवण्याचा आव आणते, आणि दोन्हीपैकी एकही शिकवत नाही.

आधी हाताचं बोलू.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. मग हळूहळू एकेक हाड धरत जातं. बहुतेक हाडं सहा-सात वर्षांपर्यंत आकाराला येऊ लागतात, शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. नुसत्या हाडांवरून लेखनाचं वय ठरतं असं मी म्हणत नाही. स्नायू, नजर, मन लागणं, सगळंच त्यात येतं. पण साडेतीन वर्षांच्या मुलाचा हात म्हणजे मोठ्या माणसाच्या हाताची छोटी प्रत नव्हे, एवढं तरी त्यावरून कळावं. लहान मूल आधी खांद्यातून हात हलवतं, मग कोपरातून, मग मनगटातून, आणि सगळ्यात शेवटी बोटांतून. भिंतीवर कोळशानं ओढलेल्या मोठाल्या रेघा हा त्याचा खरा धडा असतो. आपण त्याला एका बोटाच्या उंचीच्या चौकटीत कोंबतो, आणि रेघ बाहेर गेली की लाल शाई!

मग बोटं तयार कशी होतात? सांगते. माझी आजी गव्हले करायची. रव्याची घट्ट मळलेली कणीक घ्यायची आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात चिमटीनं वळून गव्हाच्या दाण्याएवढे दाणे पाडायचे. आम्ही पोरी तिच्याभोवती बसून तेच करायचो. आमचे दाणे कुठे वाटाण्याएवढे, कुठे मुंगीएवढे. आजी काही बोलायची नाही, तीही गव्हले त्याच ताटात टाकायची. वाती वळणं, शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, अबोलीचे गजरे ओवणं, रांगोळीची चिमूट सोडणं... पेन्सिल धरायला जी तीन बोटं लागतात, ती या कामांत आपोआप घडत होती. पाटी हातात आली तेव्हा बोटं आधीच कामाला लागलेली होती.

आज मटार सोललेले मिळतात, वाती पाकिटात मिळतात, कणीक यंत्र मळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बायकांचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण त्या कामांबरोबर मुलांच्या बोटांचा व्यायाम गेला, आणि त्याच्या जागी आपण काय आणलं? वही. आणि काही घरांत मोबाईलवर बोट फिरवून अक्षर गिरवायचा खेळ. काचेवर बोट फिरवायला काही जोर लागत नाही. बोटाला खरखर लागत नाही, चिमूट धरावी लागत नाही, की हाताला वजन कळत नाही. अक्षर चमकतं, टाळ्या वाजतात, मूल खूष, आई-बाबाही खूष!

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, 'धुळाक्षरे'. पाटीवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरायची आणि त्यात बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं. ती धूळपाटी. चुकलं तर हात फिरवला की चूक नाहीशी. ना खोडरबर, ना लाल शाई. अक्षर मोठं, हात अख्खा फिरणार, आणि बोटाच्या टोकाला त्या वळणाची आठवण राहणार. 'मुळाक्षरे' हा शब्द आपण जपला, आणि 'धुळाक्षरे' अडगळीत टाकला. जुन्या पंतोजींची छडी मला नको. पण त्यांच्या धूळपाटीत जे शहाणपण होतं, ते आपल्या चकचकीत वहीत नाही.

हे काही माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही. मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालघर काढलं. त्यांची खरखरीत कागदाची अक्षरं प्रसिद्ध आहेत. मूल दोन बोटांनी त्या अक्षरावरून हात फिरवतं आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज तोंडानं काढतं. नाव नव्हे, आवाज! डोळा, बोट आणि कान एकाच क्षणी एका ठिकाणी. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करताना महागडी साधनं कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, माती हीच त्यांची साधनं झाली. म्हणजे हे ज्ञान महाराष्ट्राच्या घरात कितीतरी दशकं पडून आहे. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

आता तोंडाचं.

स्वर म्हणजे काय? तोंडात कुठेही न अडता बाहेर येणारा आवाज. 'क' म्हणताना जीभ मागे अडते, 'प' म्हणताना ओठ मिटतात. 'आ' म्हणताना काहीच अडत नाही, फक्त तोंडाचा आकार बदलतो. 'आ'ला जबडा उघडतो, 'ई'ला ओठ ताणले जातात, 'ऊ'ला ओठांचा चंबू होतो. मुलाच्या हातात आरसा द्या आणि हे तीन आवाज काढायला सांगा. खिदळत खिदळत दोन मिनिटांत शिकेल. यासाठी अननस लागत नाही.

आणि आपल्या तक्त्यावर काय असतं? इ इमारतीचा, ई ईडलिंबाचा, उ उखळाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. आता सांगा, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलानं ईडलिंबू, उखळ, एडका, ऐरण आणि औत यांतलं काय पाहिलेलं असतं? मीच ईडलिंबू आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. त्यात 'ऋ'साठी दाढीवाले ऋषी, ज्यांना माझ्या वर्गातली एक मुलगी वर्षभर 'बाबाजी' म्हणत होती. मराठीत 'ऋ'चा उच्चार आपण 'रु' असाच करतो, मग चार वर्षांच्या मुलाला तो स्वर म्हणून कसा ऐकू यावा? शिवाय 'इ' आणि 'ई' बोलताना आपण तरी किती वेगळे म्हणतो? ऱ्हस्व-दीर्घ हा आपल्याकडे बराचसा लेखनाच्या नियमांचा भाग आहे. तो शिकवायलाच हवा, पण लेखनाच्या वेळी, आठव्या-नवव्या वर्षी. बेचाळिसाव्या महिन्यात नव्हे! उलट बॅट आणि बॉल हे शब्द मूल बोलायला लागल्यापासून म्हणतं. २००९ साली राज्य शासनानं वर्णमालेत ॲ आणि ऑ या दोन स्वरांना रीतसर जागा दिली. तरी बाजारातले कितीतरी तक्ते अजून 'अं' आणि 'अः' स्वरांच्या रांगेत बसवतात आणि या दोघांना दारात उभं ठेवतात.

पण यापेक्षा मोठी चूक निराळी आहे. आपल्या लिपीत स्वर दोन रूपांत येतो. एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा व्यंजनाला लागलेली खूण म्हणून. मुलाला वाचताना पावलोपावली भेटते ती खूण, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार. आपण बारा चित्रं पाठ करून घेतो आणि समजतो की स्वर शिकवून झाले. पण 'लाडू'च्या शेवटी 'ऊ' आहे हे ज्याला ऐकू येत नाही, त्याला स्वर आलेला नाही. मग त्यानं उसाच्या चित्राखाली शंभर वेळा 'ऊ' गिरवलेला असो.

हे मला कसं कळलं ते सांगायला हवं, कारण त्यात मला भूषण नाही.

१९७४ साली मी नोकरीला लागले. बी.ए. मराठी माध्यमातून केलेलं, डोक्यात कविता आणि नाटकं, आणि समोर पहिलीचा साठ मुलांचा वर्ग. मीही 'अ अननसाचा' म्हणून घेतलं, मीही पानंच्या पानं गिरवून घेतली. १९७८ च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगा होता. धनगराचा. अक्षर असं सुरेख की विचारू नका. त्याच्या पाटीवरचा 'आ' मी दुसऱ्या मुलांना दाखवायची. वर्षभर त्याच्या वहीवर 'छान' लिहीत राहिले. मार्च महिन्यात साहेब तपासणीला आले. त्यांनी फळ्यावर 'आत' असं लिहिलं आणि त्याला उभं केलं. तो गप्प. 'मामा' लिहिलं. गप्प. मग त्यानं खडू मागितला आणि ते दोन्ही शब्द खाली जसेच्या तसे, माझ्यापेक्षा सुंदर, काढून दाखवले. आपल्याला हेच करायला सांगितलंय, असं त्याला वाटलं होतं.

वर्ग हसला. साहेब काही बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवशी घरी गेले ती मान खाली घालून. वर्षभर त्या मुलाला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि मी 'छान' लिहीत होते! तो चौथीनंतर शाळेत आला नाही. कारणं अनेक असतील, घरची मेंढरं होती, गरिबी होती. त्यातला माझा वाटा किती, ते माझं मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी मी पहिले दोन महिने पाटी-पेन्सिल बंद ठेवली. मुख्याध्यापक रागावले. मुलांना घरून जुनी वाटी आणि मूठभर चिंचोके आणायला सांगितले. मी शब्द म्हणायची : काका, काकी, काकू. 'ऊ' ऐकू आला की एक चिंचोका चिमटीनं उचलून वाटीत. काका, काकी, काकू या तीन हाकांत तीन स्वर आहेत, आणि मुलांना ते घरीच मिळालेले असतात! मग वस्तूंचे ढीग. पणती, चावी, बांगडी, काडी एकीकडे. लिंबू, पेरू, झाडू दुसरीकडे. कांदा, चमचा, दिवा तिसरीकडे. 'ओ'ला काही सापडेना, तर एकानं दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा आजोबांचा फोटो काढून आणला. शब्दाच्या शेवटी 'ओ' होताच की!

मग माती. चिकणमातीची वळी करायची आणि ती लांबवताना श्वास पुरेल तोवर 'आ...' म्हणत राहायचं. श्वास संपला की वळी थांबली. कोणाची वळी लांब यावरून भांडणं. तळहात, बोटं, छाती, कान, सगळं एकदम कामाला. त्याच वळीचं मग अक्षर करायचं. नंतर परातीत बारीक वाळू आणि बोटानं अक्षर, तोंडानं आवाज काढत. नंतर ओल्या कुंचल्यानं अंगणातल्या फरशीवर अक्षर, जे उन्हात वाळून जातं. मग खडू, मग पाटी, आणि सगळ्यात शेवटी वही.

अक्षरांचा क्रमही मी बदलला. 'अ' हा पहिला स्वर आहे म्हणून तो पहिला लिहायला सोपा आहे असं कुणी ठरवलं? 'उ' त्यापेक्षा सोपा. त्याला शेपूट दिलं की 'ऊ'. मग 'अ'. पण एकदा 'अ' हाती आला की आ, ओ, औ, ॲ, ऑ नुसत्या खुणांनी होतात. सावरकरांनी तर लिपिसुधारणेत सगळे स्वर 'अ'लाच खुणा लावून लिहावेत असं सुचवलं होतं. ते टिकलं नाही. पण चिमुकल्या बोटांच्या बाजूनं पाहिलं तर ती सूचना मला अजूनही मोलाची वाटते.

त्या वर्षी माझ्या मुलांच्या पाट्या इतर वर्गांपेक्षा गबाळ्या होत्या, हे कबूल करते. दिवाळीनंतर मात्र ती फळ्यावरचा न शिकवलेला शब्द वाचू लागली. त्यानंतर २००८ साली निवृत्त होईपर्यंत मी ही पद्धत सोडली नाही.

आता विरुद्ध बाजू. ती मला पाठ आहे.

शिक्षिका म्हणतात, "बाई, चाळीस मुलं, वाळू सांडते, आणि पालक वही मागतात." यातलं शेवटचं वाक्य खरं. बालवर्गाची वही ही मुलासाठी नसते, ती पालकांना दिलेली पावती असते. एवढी फी घेतली, त्याबद्दल एवढी पानं भरून दिली. मातीची वळी घरी नेता येत नाही, कानात शिरलेला 'ऊ' दप्तरात दिसत नाही. म्हणून जे दिसतं ते करायचं. मी त्या शिक्षिकेला एकटीला दोष देत नाही. तिचा पगार बहुधा त्या फीपेक्षाही कमी असेल.

पालक म्हणतात, "बाकीची मुलं लिहितात, आमचं मागे पडेल." कुठल्या शर्यतीत? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकणं सांगितलं आहे. २०२२ साली त्याचा अभ्यासक्रम आराखडाही आला. म्हणजे सरकारी कागदसुद्धा आज ताराबाईंच्या बाजूनं बोलतो. ठिपक्यांची वही आता कुणाच्या हुकुमानं नाही, आपल्याच घाईनं चालू आहे.

एक गैरसमज नको. वळणदार अक्षराची मी वैरी नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाकडून सराव करून घ्यावाच. एखादं मूल चौथ्या वर्षी आपणहून पेन्सिल मागत असेल तर जरूर द्यावी. आणि बरेच महिने खेळूनही एखाद्याला आवाज वेगळे कळत नसतील किंवा बोटं वळत नसतील, तर कान आणि हात जाणकार डॉक्टरांना दाखवावेत, वही वाढवू नये.

असो. मनूचं सांगायचं राहिलं.

त्या दिवसापासून ती संध्याकाळी अर्धा तास येते. आम्ही शेंगा सोलतो. काल दाणे दोन वाट्यांत टाकत होतो, 'ई'ची एक आणि 'ऊ'ची एक. मी म्हटलं, "मनू." तिनं दाणा उचलला, हात हवेत थांबला, ओठांचा चंबू केला, आणि एकदम ओरडली, "आजी, मी 'ऊ'च्या वाटीत!" स्वतःच्या नावातला स्वर तिला सापडला होता. कोणत्याही वहीत तो नव्हता.

पण गोष्ट इतकी गोड संपत नाही. निघताना तिच्या आईनं विचारलं, "काकू, उद्याच्या 'आ'च्या पानाचं काय करू?" मी म्हटलं, "कोरं पाठव, माझं नाव सांग." आज सकाळी जिन्यात भेट झाली. रात्री झोपेला आलेल्या मनूचा हात हातात धरून तिनं वीसच्या वीस 'आ' पुरे केले होते. "शेरा येतो ना हो काकू," ती म्हणाली. मला राग आला, आणि तिचा चेहरा पाहून गेलाही. मीही लाल शाईवालीच होते की कधीकाळी.

म्हणून हे सगळं त्या एकट्या आईला न सांगता तुम्हा सगळ्यांना सांगते आहे. एक आई कोरं पान पाठवायला घाबरते. वर्गातल्या दहा आयांनी एकाच दिवशी पाठवलं, तर शेरा कोणाकोणाला देणार? घरात परात असेलच. मूठभर रवा पसरा, नातवंडाचं बोट त्यात ठेवा, आणि त्याच्या तोंडाकडे बघत 'आ' म्हणा.